सुताखालची नळी

नळी टेबलावर ठेवून भाऊजी नेहमीप्रमाणे पाठमोरे झाले आणि फळीवरचा एक पाना, जो आधीच लख्ख होता, पुन्हा पुसू लागले.

वहिनींनी नळी उचलली. अंगठ्याने दाबली, रबर दबलं आणि अंगठा काढताच पुन्हा भरून आलं. मग दोन्ही टोकं जवळ आणून त्यांनी तिची कमान केली, वाकल्या जागी नखाने खरवडून पाहिलं, शेवटी टोकाच्या भोकाशी नाक नेलं. नव्या रबराचा तो घशाला झोंबणारा वास आला, तेव्हा कुठे त्यांनी मेणदोऱ्याचं रीळ पुढे ओढलं.

"चालेल ना?" भाऊजींनी पान्याकडे पाहत विचारलं.

"चालवायची तुम्हाला. मला नुसते कपडे घालायचेत तिला."

हा विनोद इतका जुना झाला होता की त्यावर हसण्याचं काम आता दोघांपैकी कुणीच अंगावर घेत नसे. पण तो झाला पाहिजे होता. त्याच्या आडोशाने एक गोष्ट दररोज उरकली जाई, आणि ती गोष्ट तपासणी आहे हे मान्य करण्याची वेळ दोघांवरही येत नसे. दिराने नवी म्हणून आणलेली प्रत्येक नळी वहिनी दाबून, वाकवून, हुंगून पाहत. ती खरोखर नवी आहे की जुनीच पुसून आणली आहे, एवढंच त्यांना पाहायचं असे. इतक्या वर्षांत एकही जुनी सापडली नव्हती. संशय मात्र कमी झाला नव्हता. पुराव्याच्या अभावाने खचून जाईल असा तो संशयच नव्हता.

या गॅरेजात येणाऱ्या गाड्या म्हणजे श्रीमंतांच्या म्हाताऱ्या गाड्या. लांब नाकाच्या, फुगीर मडगार्डांच्या, रस्त्यावरून गेल्या की लोक कौतुकाने थांबून पाहतात अशा. त्यांच्या पोटातून टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या रबरी नळ्यांवर कारखान्यातूनच सुताची वीण घातलेली असे. ती वीण फार टिकते आणि आतलं रबर मात्र निमूटपणे मरतं. ते कडक होतं, त्याला केसासारख्या भेगा जातात, आणि हल्लीच्या पेट्रोलात जो मद्यार्क मिसळतात तो तर त्याला मुळीच मानवत नाही. मग नळी पाझरू लागते. थेंब धूर ओकणाऱ्या तापलेल्या पाइपावर पडतो. वरून पाहणाऱ्याला शेवटपर्यंत दिसत असते ती फक्त छानशी, जुनी, थोडीशी मळकट वीण.

उपाय सोपा होता: नळी बदलायची. अडचण एवढीच होती की जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा एक क्लब होता आणि त्या क्लबाचा एक धर्म होता. त्या धर्मात गाडी ही मूळ संहिता मानली जाई आणि कारखान्यानंतर तिच्यात शिरलेला प्रत्येक स्क्रू हा प्रक्षिप्त भाग. वार्षिक प्रदर्शनात विद्वान परीक्षक हातात बॅटऱ्या घेऊन गाड्यांखाली सरपटत आणि एखादी नवी क्लिप सापडली की बनावट श्लोक पकडल्याच्या आनंदाने गुण कापत. गाडी पेटते का, याला गुण नव्हते. पेटणं हे एका अर्थी गाडीच्या मूळ स्वभावाला धरूनच होतं.

तेव्हा या गॅरेजाने एक तोड काढली होती. जुनी नळी काढायची, तिच्यावरची सुताची वीण हळूहळू मागे सारत सोलायची, साबणाच्या पाण्यात भिजवून वाळवायची आणि मोज्यासारखी नव्या नळीवर चढवायची; दोन्ही टोकं मेणदोऱ्याने आवळून बांधायची आणि ते बांधकाम क्लिपेखाली दडवायचं. परीक्षकांचा अस्सलपणा शाबूत, मालकाचा जीव शाबूत. फक्त एका गोष्टीचा त्यात बळी जाई. काम झालं की नाही, हे नंतर कुणालाही डोळ्यांनी सांगता येत नसे.

वहिनींच्या आयुष्यातला सगळा विषार या एका गोष्टीतून उपजला होता.

गॅरेज दोघा भावांचं. थोरला, ज्याला धाकटा दादा म्हणे, तो वहिनींचा नवरा. दोघांनी मिळून भंगारातून एक गाडी उभी केली होती, आणि ती प्रदर्शनात ठेवायची म्हणून सबंध हंगामभर दोघांनी घरी धड जेवण केलं नव्हतं. गाडीला चषक मिळाला. परत येताना, उतारावर, बॉनेटखालून धूर निघाला. दादा एकटाच होता. तो उतरून लांब जाता तर वाचता. पण ती गाडी होती, आणि हा मेकॅनिक होता. त्याने बॉनेट उघडलं. आतल्या आगीला हवीच होती ती हवा मिळाली. पुढचे काही दिवस तो दवाखान्यात जिवंत होता, म्हणजे डॉक्टर तसं म्हणत.

त्या दवाखान्याच्या लांब ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून उभे असलेले भाऊजी एकदम वळले होते आणि म्हणाले होते, "वहिनी, नळ्या मी बदलल्या होत्या. सगळ्या."

वहिनींनी काहीच विचारलं नव्हतं. नळ्यांचा विचारही तेव्हा त्यांच्या डोक्यात नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्या घाईने आलं, त्या घाईनेच प्रश्न जन्माला घातला. प्रदर्शनाच्या धांदलीत एखादी नळी नुसती पुसून, वीण जरा चोळून, तशीच ठेवली असेल तर? कुणाला दिसणार होतं? आणि गाडीचा तर कोळसा झालेला. रबर गेलं, सूत गेलं, दोन्ही बाजूंचे साक्षीदार गेले.

तेरावं उरकल्यावर वहिनी गॅरेजात येऊन बसल्या. सीटांची शिवण त्या पूर्वीही करत. आता म्हणाल्या, वीण चढवायचं कामही माझ्याकडे द्या, रिकाम्या हातांना काहीतरी हवं. सगळ्यांना वाटलं, बाईने दुःख कामात बुडवलं. वस्तुतः त्यांना एवढंच हवं होतं की या गॅरेजातून बाहेर पडणारी एकही नळी त्यांच्या अंगठ्याखालून न जाता बाहेर पडू नये.

*

क्लबाच्या अध्यक्षांची गाडी प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी आली ती नळ्यांसाठी आलीच नव्हती. नळ्या काही आठवड्यांपूर्वीच बदलून झाल्या होत्या. वहिनींनी त्या स्वतः पारखल्या होत्या आणि त्यांना सूत चढवलं होतं. आता मागच्या सीटची कडेची गोट उसवली होती, तेवढी शिवायची होती. भाऊजी सुटे भाग आणायला बाहेर गेले होते. अध्यक्षांच्या ड्रायव्हरने पाण्यासाठी बॉनेट उघडलं, पाणी भरलं आणि सीटचं काम होईपर्यंत जरा पाय मोकळे करून येतो म्हणून गेला.

वहिनी सुईत दोरा ओवत गाडीला वळसा घालत होत्या. बॉनेट उघडं दिसलं म्हणून, निव्वळ सवयीने, त्यांनी आत पाहिलं.

पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाला, क्लिपेच्या बाहेर, सुताची तुसं आली होती. वहिनींनी बांधलेल्या टोकाला तूस येत नसे. त्यांनी सुई पदराला टोचली, हात आत घातला आणि अंगठा नळीवर ठेवला. अंगठा आत गेला नाही. वाळक्या काटकीवर ठेवावा तसा तो वरच राहिला.

त्या क्षणी आपल्याला भीती वाटायला हवी होती, हे वहिनींना नंतर कळलं. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. पण त्यांच्या छातीत पसरलं ते समाधान होतं. गार, सैल, जवळजवळ सुखाचं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दाराशी येऊन उभा राहिला होता. म्हणजे हे असं होतं तर. माझ्यासमोर नवी ठेवायची, मला कपडे घालायला लावायचे, आणि बसवताना जुनीच ठेवून द्यायची. कशासाठी? ते त्यांना सुचेना, पण कारण सापडणं आता त्यांना फारसं निकडीचं वाटत नव्हतं. आळस असेल. हेका असेल. काही माणसांना फसवण्यातच हुशारी वाटते.

त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि गोट शिवू लागल्या. टाके सरळ पडत होते याचंच त्यांना नवल वाटलं.

भाऊजी परत आले. त्यांनी पिशवी रिकामी केली, हात धुतले, गाणं गुणगुणत उघडं बॉनेट पाहिलं आणि आत डोकावूनही न पाहता ते खाली ओढून बंद केलं. वहिनींनी ते टिपलं. आपण बसवलेली नळी माणूस सहज एकदा पाहतो. याने पाहिली नाही, कारण आत काय आहे हे याला ठाऊक आहे. मग भाऊजी गाडीच्या दुसऱ्या बाजूने येऊन म्हणाले, झालं का वहिनी, अंधार पडायच्या आत न्यायला येतील. न्यायची घाई का? तेही टिपलं गेलं. संशयी मनासारखा मेहनती कारकून दुसरा नाही; त्याला सुट्टी नको असते आणि येईल तो कागद तो एकाच फाइलीला लावतो.

माडीवरून धाकटी जाऊ चहा घेऊन उतरली. दोघांच्या हातात कप देत म्हणाली, "तुम्ही दीर-भावजय त्या नळ्यांशी जेवढं बोलता ना, तेवढं माझ्याशी बोललात तर मी रोज दोनदा चहा आणीन."

भाऊजी हसले. वहिनींनी हसण्याची वेळही लक्षात ठेवली.

आपण याला आत्ताच का विचारत नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण एकांतात विचारलं तर हा काहीतरी सांगेल, आणि ते पटण्यासारखं असेल. ओसरीवर सांगितलं होतं तेही पटण्यासारखंच होतं. त्यांना साक्षीदार हवा होता. शिकलेला, वजनाचा, ज्याच्यासमोर सांगितलेली गोष्ट पुन्हा मऊ करता येणार नाही असा. असा माणूस थोड्याच वेळात येणार होता.

*

अध्यक्ष एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे निवृत्त संचालक होते. आवाज हळू ठेवून समोरच्याला पुढे झुकायला लावण्याची कला त्यांना साधली होती. सीटची शिवण त्यांनी हाताने चाचपून पाहिली, वहिनींच्या हाताला खरोखर तोड नाही असं म्हणाले, आणि उद्याच्या प्रदर्शनात या गाडीसमोर कोण कोण उभं राहणार आहे त्याचं वर्णन करू लागले. त्यांचा हात किल्लीसाठी पुढे झाला तेव्हा वहिनी मधे आल्या.

"साहेब, गाडी नेऊ नका. नळी बदललेली नाही. जुनीच आहे आत. भाऊजींना विचारा."

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं, वाकले, आणि वहिनींनी ठेवला होता तिथेच अंगठा ठेवला.

"ही मी घातलेली नाही," ते म्हणाले.

"मग कुणी घातली? तेव्हाही तुम्हीच बदलल्या होत्या. सगळ्या."

शेवटचा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज किंचितही वर गेला नाही. भाऊजी सरळ उभे राहिले. तो शब्द कुठला आहे, कुठल्या ओसरीवरून उचलून आणला आहे, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. गॅरेजात इतकी वर्षं जे हवेसारखं होतं ते आता टेबलावर ठेवल्यासारखं झालं.

अध्यक्षांना मात्र गंमत वाटली.

"अहो, भांडताय कशाला? ती मी घालून घेतली. ड्रायव्हरकडून, कालच. आणि जुनी कोण म्हणतं? कोरी आहे. पाकीट मी माझ्या हातांनी फोडलं."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा नातवंडाचं कौतुक करावं तसा उजळला. गाडी ज्या कारखान्यात तयार झाली त्याच कारखान्याची, त्याच साली बनलेली, कारखान्याच्याच सीलबंद पाकिटातली नळी. किती ठिकाणी शोधली, किती जणांना विनवण्या केल्या, शेवटी एका बंद पडलेल्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मिळाली. सुतावर कारखान्याची निळी रेघ अजून जशीच्या तशी. मेस्त्री, तुमची नळी वाईट नव्हती हो, ते म्हणाले, पण यंदाच्या परीक्षकांत एकजण सूत बाजूला सारून आतलं रबर बघणारा आहे.

"म्हणजे गाडीच्याच वयाची," भाऊजी म्हणाले.

"पण एकदाही वापरलेली नाही."

"साहेब, रबर पाकिटातसुद्धा म्हातारं होतं."

अध्यक्ष समजूतदारपणे हसले. न वापरलेली वस्तू नवी असते, हा त्यांच्या साऱ्या संग्रहाचा पाया होता, आणि एका मेकॅनिकच्या वाक्याने हलेल इतका तो उथळ रचलेला नव्हता. भाऊजींनी विनवून पाहिलं. आत्ता बदलून देतो, वीणही हीच चढवून देतो, वहिनी बसतील, नाहीतर तिथे पोचल्यावर ही परत घाला, पण मग गाडी उभीच ठेवा. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा किल्लीसाठी हात पुढे केला.

भाऊजींनी खिशातून पातं काढलं, वाकले आणि नळी मधोमध कापली.

थोडं पेट्रोल जमिनीवर सांडलं. भाऊजींनी दोन्ही टोकं चिंधीने बांधली, सांडलेल्यावर भुसा टाकला, क्लिपा सैल केल्या आणि दोन तुकडे अध्यक्षांच्या तळहातावर ठेवले. अध्यक्षांनी एक तुकडा उजेडाकडे धरला. कापलेली कड काळी, गोल आणि तुळतुळीत दिसत होती.

"भेग दाखवा," ते अगदी हळू म्हणाले. "एक. केसाएवढी."

भाऊजींनी तुकडा घेतला, वाकवला, उलटासुलटा केला. वहिनींनीही मान पुढे करून पाहिलं. भेग नव्हती. किंवा दिसत नव्हती.

"आज नसेल," भाऊजी म्हणाले. "उद्या जाईल. नाहीतर वर्षानं. पेट्रोल लागलं की सुरू होतं ते."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही. माहीत नाही."

असा कबुलीजबाब कधीही कुणाच्या कामी येत नाही, आणि इथेही आला नाही. अध्यक्षांनी दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळले, मृताच्या वस्तू गुंडाळाव्यात तसे. गाडी ओढून नेण्यासाठी ड्रायव्हर दुसरी गाडी आणायला गेला. भाऊजींनी टेबलावरून नवी नळी उचलून दोनदा पुढे केली, आणि अध्यक्षांनी दोनदा ती पाहिलीच नाही. क्लबातल्या कुणाचीही गाडी यापुढे या दारातून आत येणार नाही, हे त्यांनी सुसंस्कृत माणसाच्या पद्धतीने, म्हणजे न बोलता, कळवलं.

जाताना ते वहिनींशी मात्र बोलले. आवाजात खरा खेद होता.

"तुमचे यजमान असते तर हे झालं नसतं, वहिनी. त्यांना मूळ वस्तूची कदर होती. असंच एक पाकीट मी त्यांना दिलं होतं. हातात घेतलं तर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"कधी?" वहिनींनी विचारलं.

अध्यक्षांनी आठवून पाहिलं. "चषक मिळाला ना त्यांना? त्याच वर्षी. प्रदर्शनाच्या आधी थोडे दिवस. मीच म्हटलं होतं, घाला हे, मग बघा."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर मूळ पाठाचा ध्यास घेतला, त्याला स्वतःच्या वाक्याचा अर्थ वाचता आला नाही. दोराने बांधलेली गाडी मुकाट्याने, इंजिन बंद ठेवून, रस्त्याला लागली. मागच्या काचेतून वहिनींनी शिवलेली गोट क्षणभर दिसली.

*

बाहेर दिवे लागले तरी दोघं गॅरेजातच होते. वहिनी स्टुलावर, भाऊजी उलट्या ठेवलेल्या टायरवर. भुशाखालून पेट्रोलचा वास येत होता.

पाकीट वहिनींनी घरात कधी पाहिलं नव्हतं. त्या आठवू लागल्या: कपाट, माळा, दादाची लोखंडी पेटी. नवऱ्याच्या माघारी एकेक वस्तू त्यांनी स्वतः काढून पुसून ठेवली होती. फोडलेलं किंवा न फोडलेलं, असलं कुठलंच पाकीट त्यात नव्हतं. मग त्याच्यातली नळी कुठे गेली, हा प्रश्न फार सरळ होता, आणि त्याचं उत्तर त्याहून सरळ.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही बदलल्यावर यांनी पुन्हा बदलली असेल. तीच घातली असेल."

"दादा असं करणार नाही."

"तुम्ही ऐकलंत ना आत्ता."

"दिलं म्हणाले. घातली असं कुठे म्हणाले? ठेवून दिलं असेल कुठे. कुणाला देऊन टाकलं असेल." ते थांबले. "दादाला कळत नव्हतं का रबराचं? मला कुणी शिकवलं?"

दादाला कळत होतं, यात शंका नव्हती. त्याच दादाने जळत्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं, यातही नव्हती.

"तुम्ही प्रत्येक नळी दाबून बघता," भाऊजी म्हणाले, "मला काय कळत नाही? पहिल्याच दिवशी कळलं. राग आला होता. मग म्हटलं, बघू दे. कारण तुमच्याकडे आणायच्या आधी मीपण दाबून बघत होतो."

"तुम्ही कशाला?"

"मी बदलल्या होत्या, वहिनी. हात सांगतो, बदलल्या. पण टाकीजवळची, अगदी मागची, ती आठवत नाही. गाडीखाली पडलोय, बॅटरी तोंडात धरलीय, इथपर्यंत आठवतं. पुढचं नाही. ओसरीवर तुम्हाला म्हटलं ना, ते मी मलाच सांगत होतो."

एवढं बोलून ते उठले, पातं उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं. वहिनींना वाटलं होतं की आज काहीतरी उतरेल. आपण म्हणू, चुकलं माझं, आणि हा म्हणेल, जाऊ द्या. वाक्य तयारही होतं. पण चुकलं म्हणायला खात्री लागते, आणि खात्री तर आत्ता नुकतीच तिघांच्याही हातून निसटली होती. त्यांतल्या एकाला तर हातच उरले नव्हते.

"म्हणजे तुम्ही तरी, नाहीतर यांनी तरी," त्या म्हणाल्या.

"माझ्यावर होतं तेच बरं होतं, वहिनी."

त्यांनी मान वर केली.

"मी आहे इथे," भाऊजी म्हणाले. "रोज येतो. मला उद्यासुद्धा विचारता येईल. ओरडता येईल. त्याला कसं विचारणार? त्यानं काय सांगायचं? राहू दे माझ्यावर."

ते हे मोठेपणाने म्हणत नव्हते. थकलेला माणूस जड पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना बोलतो, तसे म्हणत होते, आणि दुसऱ्याने हात पुढे केलेला त्यांना नको होता. मग ते बाहेर गेले. नळाखाली हात धुतल्याचा आवाज आला. माडीच्या पायऱ्यांवर पावलं वाजली.

वहिनींनी दिवा मालवला, पदराची सुई काढून डब्यात टोचली आणि शटर ओढायला गेल्या. शटर जुनं होतं. एका बाजूने ओढलं की तिरकं होऊन अडकायचं. त्यांनी डावी कडी धरून जोर लावला. ते थोडं खाली आलं, कुरकुरलं आणि वाकड्या भुवईसारखं मधेच थांबलं. पुन्हा वर ढकलावं तर तेही होईना. त्या कडी धरून तशाच उभ्या राहिल्या. हाक मारली नाही.

पायऱ्यांवरची पावलं थांबली होती. काही वेळाने ती परत खाली आली. भाऊजी अंधारातून येऊन उजव्या कडीशी उभे राहिले, हात अजून ओले होते, ते त्यांनी शर्टाला पुसले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दोघांनी एकदम जोर लावला आणि शटर सरळ, सावकाश, जमिनीपर्यंत आलं.